सातव्या शिक्क्यापाशी वीज गेली

दर शुक्रवारी लदीन संपली की
चोडणच्या कपेलामागच्या खोलीत मी फळा पुसतो.
समोर नऊ माणसं, एक कुत्रं,
आणि बायबलातलं ते शेवटचं पुस्तक,
ज्याला पाद्री लिगोर स्वतः हात लावत नाहीत.
"राशोलात चार वर्षं काढलीस, तूच शिकव," म्हणाले.
पाचव्या वर्षी पळून आलो, हे म्हणाले नाहीत.
भला माणूस.

मी तीन ओळी आखतो:
सात शिक्के. सात तुताऱ्या. सात वाट्या.
सांगतो, ही एकवीस संकटं नव्हेत,
एकच गोष्ट तीनदा सांगितली आहे,
दर खेपेला जरा जवळून.
इथे क्रमावर जाऊ नका.
कुणी मान हलवत नाही.
मग मानशीची दारं उघडझाप करणारा कायतान,
नखांत खाजनाचा चिखल तसाच,
म्हणतो, "भरतीसारखं.
पाणी तेच. अमावास्येचं काय, पुनवेचं काय."
आणि बांध फुटतो त्या रात्रीचं?
"तेही तेच. फक्त तुम्ही बांधावर नसता, शेतात असता."

माझ्या टिपणांची चार पानं मी घडी करून खिशात घातली.

पशूचा आकडा आला तेव्हा रोझालीन दचकली.
तिच्या मोबाइलच्या नंबरात दोन सहा होते,
तिसरा दुकानदाराने बदलून दिलेला.
मी म्हणालो, अक्षरांना तेव्हा किंमत असे,
सम्राटाचं नाव उघड घेणं जिवावरचं,
म्हणून ते बेरजेत लपवलं.
"म्हणजे आम्ही बार्जवाल्याला मावशी म्हणतो तसं," कायतान.
हो, तसंच.

सहाव्या शिक्क्याला सूर्य काळा पडतो
आणि तारे गळतात कच्च्या अंजिरांसारखे.
अंजिराचं झाड इथे कुणी पाहिलंय?
मी कैऱ्या म्हणालो.
रात्रभर खात राहिलं मला ते.

आणि आज सातवा.
इथे लिहिणाऱ्याने काय केलंय बघा, मी म्हणालो,
सहापर्यंत धाड धाड, मग मध्येच थांबलाय,
आपण श्वास धरून, आणि सातवा उघडला तर
काहीच नाही. स्वर्ग गप्प.
साधारण अर्धा तास

वीज गेली.

कुणी हसलं नाही.
पलीकडे रायबंदरच्या धक्क्याला फेरीबोट टेकल्याचा आवाज,
कुत्र्याचं अंग खाजवणं,
खडू माझ्या बोटांत ओला.

तीन महिन्यांत एकही प्रश्न न विचारलेली पिएदाद
अंधारात म्हणाली, "सर,
शेवटी समुद्र उरत नाही म्हणतात. खरं?"
मला पाठ होतं: समुद्र म्हणजे अराजक,
पशू वर येतो तो त्यातूनच,
समुद्र म्हणजे साम्राज्याची जहाजं,
बेटावर डांबलेल्या कैद्याची भिंत.
तोंड उघडलं एवढ्यात ती म्हणाली,
"इनासच्या मिसेला वाचलं होतं ते.
पेटीत त्याचा तारवोट्याचा गणवेश होता, इस्त्री केलेला,
दुसरं काही नव्हतं.
समुद्रच काढून टाकला
तर माझा झील असणार कुठे?"

मी पानं चाचपली. दिसत नव्हतं,
पण हात ओळखत होता जागा,
त्या ओळीच्या थोडं अलीकडे.
म्हटलं, बाय, त्याआधी एक आहे.
समुद्र आपल्या पोटातले सगळे मेलेले परत देतो.
मग नाहीसा होतो.

"आधी देतो?"
आधी.
"नक्की आधी?"

आणि तीन महिने मी त्यांना सांगत होतो
की इथे क्रमावर जाऊ नका.

वीज आली. अठ्ठावीस मिनिटं,
रोझालीनने मोबाइलवर मोजलेली.
कायतान उठला, पाणी चढायची वेळ झाली होती.
पिएदाद फळ्याकडे बघत होती,
सात, सात, सात,
बोटाने हवेत काहीतरी मोजत,
आणि मला फळा पुसवेना.